पीआर कार्डाची मुदत संपल्यावर रस्त्याने कॅनडात येताना

कॅनडाच्या पीआर कार्डाची, म्हणजे तिथला कायमस्वरूपी रहिवासी (पर्मनंट रेसिडेंट) असल्याच्या ओळखपत्राची, मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. आईवडिलांच्या आजारपणासाठी किंवा घर-जमिनीच्या कामासाठी भारतात गेलेल्या कोणाचे कार्ड तिकडेच संपले, की इथल्या नातेवाइकांना फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे आता माझा पीआर गेला का?’ तो गेलेला नसतो. २००२ साली लागू झालेल्या इमिग्रेशन कायद्याच्या ४६व्या कलमात पीआर कशामुळे संपुष्टात येतो ते दिलेले आहे. नागरिकत्व मिळणे, निवासाची अट पाळली नाही असा परदेशात असताना झालेला अंतिम निर्णय, अमलात आलेला हद्दपारीचा आदेश, स्वतःहून पीआर सोडणे अशी कारणे त्यात आहेत. कार्डावरची तारीख उलटून जाणे हे कारण त्यात कुठेही नाही. उलट, आपण पीआर आहोत अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याने प्रवेश दिलाच पाहिजे, असे १९वे कलम सांगते.

मग अडते कुठे? विमानतळावर, आणि तेही मुंबईच्या. योग्य कागदपत्रे नसलेल्या प्रवाशाला कॅनडात आणण्यास विमान कंपन्यांना बंदी आहे, त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती कायदा समजून घेण्याच्या भानगडीत न पडता चालू तारखेचे कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट (कार्ड नसलेल्या पीआरला परदेशातून परतण्यासाठी मिळणारा प्रवासाचा कागद) मागते. बस, रेल्वे आणि बोट यांनाही हाच नियम लागू आहे. खाजगी मोटारीला मात्र तो लागू नाही, मग ती स्वतःची असो, नातेवाइकाची असो किंवा भाड्याने घेतलेली असो. म्हणूनच ‘अमेरिकेतल्या सिएटलपर्यंत विमानाने ये, पुढे गाडीने आणतो’ हा सल्ला आपल्या लोकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. सल्ला खोटा नाही, पण तो देणारे निम्मेच सांगतात.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेचा व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तो नसेल, तर हा मार्ग मुळात उपलब्धच नाही. आमच्या मावशीकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा होता आणि त्याची मुदत शिल्लक होती, म्हणून आम्ही या मार्गाचा विचार करू शकलो. काकांच्या आजारपणात ती कोल्हापूरला अडकली होती, आणि ते गेल्यानंतरही घर आवरण्यात बराच काळ गेला. सिएटलला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला तिने सरळ सांगितले, की मुलाकडे कॅनडात जायचे आहे आणि भाचा गाडी घेऊन बाहेर थांबला आहे. अमेरिका पाहायला आले आहे, असे काही सांगण्याची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. मुदत संपलेले कार्ड जवळ ठेवावेच. पण त्याहून महत्त्वाचा असतो तो पहिल्या प्रवेशाच्या वेळी मिळालेला, ज्याला आपल्याकडे सगळे लँडिंग पेपर म्हणतात तो कागद, आणि सोबत चालू पासपोर्ट. लँडिंग पेपरवर जुन्या पासपोर्टचा नंबर असतो, म्हणून तो रद्द झालेला पासपोर्टही आम्ही घेतला होता. सीमेलगतच्या ब्लेन या अमेरिकन गावाहून पीस आर्चच्या सीमा नाक्यावर पोहोचलो, तेव्हा खिडकीतल्या अधिकाऱ्याने कार्ड उलटसुलट करून पाहिले, वायपरखाली एक पिवळा कागद अडकवला आणि आत जायला सांगितले. आत बाकावर बसून वाट पाहावी लागते आणि तिथे मोबाइल वापरता येत नाही, हे मावशीला आधी सांगून ठेवलेले बरे पडले.

आतल्या प्रश्नांचा रोख कार्डावर नव्हता, दिवसांवर होता. मागच्या पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलेले असले पाहिजेत, ही खरी अट आहे. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीबरोबर परदेशात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. मावशीचे दिवस कमी भरत होते. अशा वेळी आकडा वाढवून सांगण्याचा मोह होतो, पण जमिनीवरच्या सीमेवरील नोंदी दोन्ही देश एकमेकांना देतात, आणि खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर प्रकरण दिवसांच्या कमतरतेपेक्षा कितीतरी जड होते. आम्ही काकांची रुग्णालयातली कागदपत्रे आणि मृत्यूचा दाखला इंग्रजी भाषांतरासह पुढे ठेवला. मानवतेच्या दृष्टीने अशा कारणांचा विचार करण्याची तरतूद कायद्यातच आहे. अधिकाऱ्याने ते शांतपणे वाचले, दिवस कमी भरल्याचा अहवाल न लिहिता तिला आत सोडले आणि आता इथेच राहा असे बजावले.

असे प्रत्येक वेळी होईलच असे नाही. अधिकारी अहवाल लिहू शकतो आणि त्यावरून देश सोडण्याचा आदेशही निघू शकतो. तरीही त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पीआर कायम राहून माणूस कॅनडातच राहतो. भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज केला आणि दिवस कमी म्हणून तो फेटाळला गेला, तर अपिलासाठी ६० दिवस मिळतात खरे, पण ते लढायचे सातासमुद्रापलीकडून. ज्याचे दिवस भरलेले आहेत, त्याने मुकाट्याने ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढून थेट विमानाने यावे. त्याला या वळशाची गरज नाही. दिवस कमी असणाऱ्याने मात्र गाडीत बसण्याआधी वकिलाला एकदा फी द्यावी, असे माझे मत आहे. त्या पैशांची काटकसर महागात पडते.

आत आल्यावर मावशीची पहिली घाई नवीन कार्डासाठी अर्ज करण्याची होती. आम्ही तिला थांबवले, कारण त्या अर्जात पुन्हा मागच्या पाच वर्षांचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो अजून जुळत नव्हता. दिवस भरेपर्यंत तिने सीमा ओलांडायची नाही असे ठरले आहे. पुण्यातल्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली आहे, त्यावर घरात अजून कुरबुर चालू आहे. पण तिचा अमेरिकेचा व्हिसाही लवकरच संपतो आहे, आणि तो संपला की हा रस्ताही बंद होईल.