कौलारू घराच्या छपरासाठी पैसे उभे करताना: माझा अनुभव

चिपळूण तालुक्यातलं आमचं घर १९६२ सालचं, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. २०२५ च्या मे महिन्यात त्याचं छप्पर पूर्ण बदलून झालं. वासे-रिपा उतरवून लोखंडी सांगाडा उभा केला आणि वर पुन्हा मंगलोरी कौलंच चढवली. काम मनासारखं झालं. पण त्यासाठी कर्ज मागायला आम्ही ज्या बँकेत गेलो, तिथला राग अजून मनातून गेलेला नाही. वाडीत ज्यांची छपरं कामाला आली आहेत त्यांच्यापुढे मी ते सगळे पाढे वाचते, इथेही वाचते.

लाकूड वाळवीनं पोखरलं होतं आणि वानरांनी कौलं फोडून ठेवली होती. २०२४ चा पावसाळा माजघरात भांडी मांडून काढला. गणपती झाल्यावर सुतार बोलावला. आढं उतरवल्याशिवाय इलाज नाही, असं तो म्हणाला. फॅब्रिकेटरनं पाच लाख वीस हजारांचं अंदाजपत्रक दिलं. नवरा लोटे एमआयडीसीत एका खासगी कंपनीत, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघांचे पगार दर महिन्याला खात्यावर जमा होतात, आधीचं एकही कर्ज थकलेलं नाही. कर्ज मिळायला अडचण यावी असं काही नव्हतं.

बँकेकडे आधी गेलो, कारण घरदुरुस्तीच्या कर्जाचं व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतं आणि मुदत लांब मिळते, त्यामुळे हप्ता झेपतो. शाखेत सुरुवातीला चांगलं बोलले. पगारपत्रकं, आयकराची विवरणपत्रं, घरपट्टीची पावती, असेसमेंटचा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा) उतारा, सगळं घेतलं. अंदाजपत्रकावर जीएसटी क्रमांक हवा म्हणाले, तोही मिळाला. मग वकिलाची आणि मूल्यांकनाची फी भरून घेतली. मूल्यांकन करणारे आले, फोटो काढले, टेप लावून घर मोजलं आणि गेले.

त्यानंतर फाइल ‘लीगलला’ गेली आणि तिथेच बसली.

पहिला निरोप आला की उताऱ्यावर नवऱ्याच्या आजोबांचं नाव आहे. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उताऱ्यावर तर ते छापलेलंच होतं. वारसांची संमतीपत्रं आणा, असं सांगितलं. नालासोपाऱ्याचे काका, गुहागरच्या आणि डोंबिवलीच्या आत्या, तिघांनीही पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून, नोटरी करून कागद पाठवले. एकानंही खळखळ केली नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. डोंबिवलीच्या आत्या तर म्हणाल्या, “माझ्या बाबांचं घर आहे ते, उभं राहिलं पाहिजे.” तो कागद दिला, तर पुढचा निरोप आला की सातबारा हवा. तो दिला. मग जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी हवेत. तहसील कार्यालयातून नकला काढून तेही दिले. मग कळलं की वारस नोंद झाल्याशिवाय संमतीपत्रांचा उपयोग नाही. हे संमतीपत्रं मागताना ठाऊक नव्हतं का? दर वेळी एक कागद सांगायचा, तो दिला की दुसरा. “साहेब, यादी एकदाच लिहून द्या,” असं मी प्रत्येक भेटीत म्हणत होते. “मॅडम, वकील बघून सांगतील,” हे ठरलेलं उत्तर. ते वकील आम्हाला कधी भेटले नाहीत. मध्येच साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

शेवटी एक दिवस नव्या साहेबांनी सांगितलं, “जागा बिनशेती नाही. आदेश आणा.” म्हणजे कागदोपत्री ती अजून शेतजमीनच.

कोकणातल्या माणसाला या वाक्यावर काय वाटतं ते कोकणातल्याच माणसाला कळेल. आमच्याकडे घरं एका जागी दाटीनं नसतात, वाड्या पसरलेल्या असतात. गावठाण एकीकडे आणि निम्मं गाव त्याच्या बाहेर, स्वतःच्या सातबाऱ्याच्या जमिनीत. आमच्याही सातबाऱ्यावर ‘घरपड’ अशी नोंद आहे, म्हणजे तिथे घर आहे हे सरकारी कागदच सांगतो. ग्रामपंचायत वर्षानुवर्षं घरपट्टी घेते, विजेचं मीटर आहे. १९६२ साली बांधलेल्या घराचा बिनशेती आदेश माझ्या नवऱ्यानं कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोननं मोजणी करून घरांना मिळकत पत्रिका देतात, ती चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाले. पण ती मोजणी गावठाणाची, आणि आमची वाडी गावठाणाबाहेर.

बँकेला तारण पक्कं हवं, हे मला मान्य आहे. असेसमेंटचा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद, तो मालकीचा पुरावा धरत नाहीत, हेही खरं. पण सातबारा पहिल्या महिन्यात मागून बिनशेतीचं तेव्हाच सांगता आलं असतं. फी घेण्याआधी सांगता आलं असतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, कुणी ‘नाही’ म्हणत नव्हतं आणि कुणी ‘हो’ही म्हणत नव्हतं. कोकणात छपराचं काम जूनच्या आत झालं नाही तर वर्ष गेलं, हे त्या खुर्चीतल्या माणसाला कळू नये याचा मला संताप येतो.

मग मी लेखी अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे की कर्ज नाकारलं तर त्याचं मुख्य कारण बँकेनं अर्जदाराला लेखी कळवायचं. २००७ पासून ही सूचना कर्ज कितीही रकमेचं असलं तरी लागू आहे. अर्जात एवढंच लिहिलं: अमुक तारखेला अर्ज, अमुक कागद दिले, मंजूर किंवा नामंजूर ते कारणासह लेखी द्यावं. दोन प्रती नेल्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तेही अर्जात नमूद केलं. कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय बँकेचा, त्यात लोकपाल पडत नाही. पण अर्ज दाबून ठेवणं आणि कारण न देणं ही तक्रार होऊ शकते. इतके महिने जे तोंडी लांबवत होते ते पत्र त्यानंतर लवकर आलं: जागा बिनशेती नाही, मालकी हक्क स्पष्ट नाही, म्हणून अर्ज नामंजूर. नकारच होता, पण त्या दिवशी मी मोकळी झाले. आता दुसरीकडे जाता येत होतं. आणि तो कागद मी भांडून मिळवला होता, याचा मला अभिमान आहे.

पुढचं भराभर झालं. आमच्या शिक्षकांच्या पतपेढीनं घराचा एकही कागद मागितला नाही. दोन सहकारी शिक्षक जामीन राहिले, हप्ता पगारातून कापायची मुभा दिली, आणि संचालक मंडळाच्या पुढच्याच सभेत कर्ज मंजूर झालं. व्याज बँकेपेक्षा जास्त आहे, मुदतही कमी. कर्जातून पतपेढीच्या भागाची (शेअरची) रक्कम आधीच कापतात, म्हणून हातात तीन लाख पडतील असा हिशेब करून मागणी केली. नोकरदार माणसाला कंपनीची किंवा खात्याची पतसंस्था असेल तर मी तरी आधी तिथेच जायला सांगेन, विशेषतः घर वडिलोपार्जित असेल तर.

नव्वद हजार सोनेतारणावर घेतले. दागिन्यांच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होतं, आणि काम एका दुपारचं. पण मुदत वर्षाची असते आणि मुद्दल शेवटी एकदम भरायचं, म्हणून ते कुठून भरणार हे आधी ठरलेलं असावं. आमचं नवऱ्याच्या बोनसवर ठरलं होतं. जुन्या छपरातलं जे सागवान वाळवीतून वाचलं होतं त्याचे चाळीस हजार आले. सुताराला ‘घेऊन जा’ म्हणू नका, दोन-तीन जणांना दाखवून भाव काढा. उरलेले नव्वद हजार शिलकीतले.

नवऱ्याच्या पीएफचा विचार पहिल्यापासून होता. दुरुस्तीसाठी तेव्हा बारा महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता इतकी रक्कम काढता येत होती. पण घर सभासदाच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवं, असा नियम. आजोबांच्या नावाचं घर त्यात बसत नाही. अर्ज ऑनलाइन असतो, कागद जोडावे लागत नाहीत, म्हणून ‘टाकून द्या’ असा सल्ला देणारे भेटले. खोटं निवेदन करायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं पैसे काढण्याच्या तेरा तरतुदी एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा अर्जाआधी चालू नियम पोर्टलवर पाहावा. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतली, त्यामुळे मला भविष्य निर्वाह निधीच नाही.

घरकुल योजनेचं बरेच जण विचारतात. ती नवं पक्कं घर बांधायला आहे, छप्पर बदलायला नाही. घराचा विमा असेल तर वादळानं उडालेल्या छपराचे पैसे मिळतात, वाळवीनं खाल्लेल्याचे नाही. करात सवलत आहे: दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला तीस हजारांपर्यंत वजावट, स्वतः राहत असलेल्या घरासाठी, पण जुनी करप्रणाली निवडली असेल आणि घर तुमच्या मालकीचं असेल तरच. म्हणजे इथेही नावच आडवं येतं.

त्यासाठी वारस नोंद आजच सुरू करा, छप्पर गळत नसलं तरी. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफाराची नोटीस. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मुलींची नावं वगळू नका, त्या वारस आहेतच, आणि वगळलेलं नाव पुढे सगळं अडवतं. आणखी एक: सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून घरपट्टीवर आपोआप लागत नाही, ग्रामपंचायतीत अर्ज वेगळा द्यावा लागतो.

फॅब्रिकेटरला पैसे टप्प्यांनी दिले: सांगाड्याचं लोखंड अंगणात उतरल्यावर, उभारणी झाल्यावर आणि कौलं चढल्यावर. २०२५ ला २० मेच्या सुमारासच कोकणात धो धो पाऊस लागला आणि २५ मेला मान्सून राज्यात दाखल झाला. बँकेच्या ‘हो’ची वाट पाहत बसलो असतो तर सासूबाईंना घेऊन उघड्या भिंतींत बसायची वेळ होती.

फीचं अजून मिटलेलं नाही. मूल्यांकन झालं, ते पैसे गेले हे मला मान्य आहे. पण वकिलाच्या अहवालाची प्रत मी मागितली आहे, पुन्हा लेखी, पुन्हा आवक शिक्क्यासह. तो अहवाल माझ्या पैशातून झाला आहे आणि सातबारा पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर कधी आला ती तारीख मला त्यात पाहायची आहे.