कानातले माइट्स : एकट्याला औषध घालून भागत नाही

हर्णै बंदराजवळ राहायचं तर मांजरं पाळावी लागत नाहीत, मासळीच्या वासानं तीच येतात आणि पडवीत मुक्काम ठोकतात. त्यांच्यासोबत कधीकधी कानातले माइट्स, म्हणजे कानात राहणारे अगदी बारीक किडेही येतात आणि ते कुत्र्यालाही लागतात. म्हणून कळकळीनं सांगतेय, ज्याचा कान खाजतोय त्या एकट्यालाच औषध घालू नका, एकत्र झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी द्या, नाहीतर एकाचे जातात आणि दुसऱ्याकडून परत येतात.

मांजर सारखं मान झटकतं, मागच्या पायानं कानामागे ओरबाडतं, आणि कान उलटून बघितला तर आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ. आमच्या बोक्याचा असाच थोडा मळ डॉक्टरांनी काळ्या कागदावर पसरला आणि भिंग माझ्या हातात दिलं, तर अगदी बारीक पांढरे ठिपके चक्क चालत होते! केवढा त्रास होत असेल हो त्या जिवाला. खाजवून खाजवून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, पाळी टम्म फुगते.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र घाई नको. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कानात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी पण होते, त्यातही खाज आणि तपकिरी मळच, वर आंबूस वास, पण औषध वेगळं. त्यामुळे मळ मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, आणि कानाचा पडदा फाटलाय का तेही, कारण फाटला असेल तर काही ड्रॉप्सनी ऐकूच येईनासं होऊ शकतं. इअरबड आत घालून मळ अजून खोल ढकलू नका.

आता मानेवर सोडायचं सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनवालं औषध मिळतं, कानात थेंब घालायची झटापट वाचते. पण अंड्यापासून मोठा माइट व्हायला साधारण ३ आठवडे लागतात, खाज त्याच्या आधीच कमी होते आणि लोक तिथेच सोडून देतात. डॉक्टरांनी पुढचा डोस सांगितला असेल तर तो द्याच. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका, झटके येऊन जीव जातो.

दारात येणाऱ्या भटक्या मांजरांचं वजन अंदाजे सांगून त्यांचाही डोस विचारून घ्या. ती मासे खाण्यात गुंग असताना मानेवरचे केस बाजूला करून पटकन सोडता येतं.