दाराशी गोवा असताना माल्टा कशाला?

“गोव्याचं इन्क्विझिशन आपल्या दाराशी असताना तुम्ही थेट माल्टाचं काय घेऊन बसलात?” माल्टाबद्दल कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेकदा मनापासून येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

कारण भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरही इन्क्विझिशन होतं. त्या माल्टाचे कागद उरले आणि गोव्याचे गेले.

इन्क्विझिशन म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारं कॅथलिक चर्चचं न्यायासन. गोव्यात ते १५६० साली आलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. ते बंद झाल्यावर खटल्यांचं बहुतेक दप्तर नष्ट झालं. १७३६ चा आदेश आज वाचता येतो. तुळस लावायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, अशी मनाईची लांबलचक जंत्री त्यात आहे. पण हळद लावली म्हणून एखादीला उभं केलं असेल, तर ती अधिकाऱ्यासमोर काय म्हणाली? लिस्बनला १५६१ ते १६२३ या काळातल्या खटल्यांची एक मोठी सूची आहे. तीत माणसांची नावं आहेत, आरोप आहेत. जबान्या नाहीत.

माल्टात जबान्या आहेत. म्दिना या जुन्या राजधानीतल्या कॅथेड्रलच्या दप्तरखान्यात त्यांचे खंड आजही जपलेले आहेत.

थोडी पार्श्वभूमी. ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर बेघर झालेल्या सेंट जॉनच्या नाइट्सना, म्हणजे धर्मव्रत घेतलेल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाला, सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० साली माल्टा दिलं. खंडणी होती वर्षाला एक ससाणा. १५६५ च्या तुर्की वेढ्याबद्दल सगळेच सांगतात, मी त्यात शिरत नाही. १५७४ मध्ये पोपने पिएत्रो दुझिना या इन्क्विझिटरला, म्हणजे न्यायासनाच्या प्रमुखाला, पाठवलं आणि बिर्गू गावातली जुनी कचेरी त्याला राहायला मिळाली. तेव्हापासून या चिमुकल्या बेटावर तीन सत्ता: नाइट्सचा प्रमुख म्हणजे ग्रँड मास्टर, बिशप आणि इन्क्विझिटर. तिघेही पोपला मानणारे, आणि एकमेकांच्या अधिकारावरून कायम भांडणारे. नेपोलियनने १७९८ साली बेट घेतलं तेव्हा हे सगळंच संपलं.

आता त्या कागदांत कोण भेटतं ते सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

पुष्कळ माणसं स्वतःहून चालत आलेली दिसतात. ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेल्यावर पाद्री म्हणे, याची क्षमा माझ्या हातात नाही, बिर्गूला जा. मग कोणी शुक्रवारी मांस खाल्ल्याचं सांगे, कोणी जुगारात हरल्यावर देवाला शिव्या दिल्याचं. काही खलाशी असे, की ज्यांना समुद्रात पकडून ट्युनिस किंवा अल्जिअर्सला नेलं, तिथे ते मुसलमान झाले आणि कधीतरी निसटून परत आले. पुन्हा चर्चमध्ये घ्यावं म्हणून त्यांना आपली सगळी हकिगत सांगावी लागे. कुठे पकडलं, कोणी विकत घेतलं, सुंता कधी झाली, मनात काय होतं. ज्याला सही करता येत नव्हती अशा माणसाचं आत्मचरित्र मला दुसरीकडे क्वचितच मिळालं आहे.

आणि गुलाम. माल्टा ही गुलामांची मोठी बाजारपेठ होती, हे माल्टाची राजधानी व्हॅलेट्टाच्या सुंदर सज्ज्यांखालून फिरताना सहज विसरलं जातं. नाइट्सची गलबतं आणि खासगी चाचे मुसलमानांना पकडून आणत, वल्ह्यांना जुंपत, घरकामाला ठेवत. रात्री त्यांना तुरुंगात कोंडत, दिवसा मात्र ते गल्लीबोळांतून हिंडत. मग नवरा दूर गेलेली एखादी ख्रिस्ती बाई, किंवा जिच्या पोराचा ताप वैद्यांच्या औषधाने हटला नाही अशी आई, हळूच त्यांच्याकडे ताईत मागायला जाई. माल्टी भाषा अरबीच्याच पोटातली, त्यामुळे दोघांना एकमेकांचं बोलणं कळायला दुभाषा लागत नसे. तो लागे न्यायासनाला, कारण लेखनिक सगळं इटालियनमध्ये उतरवून घेई. मालकांचा आणि गुलामांचा धर्म रणांगणावर एकमेकांसमोर उभा असताना एका स्वयंपाकघरात तो ताईत हातोहात जातो. नाइट्सच्या पराक्रमाच्या इतिहासात हे स्वयंपाकघर कुठेच नाही.

१६०५ चा खटला तर विलक्षणच आहे. कैरोच्या सेल्लेम बिन अल-शेख मन्सूर या गुलामावर आरोप होता जादूटोण्याचा आणि तो शिकवल्याचा. शिष्य कोण, तर व्हित्तोरियो कासार. ज्या जिरोलामो कासारने व्हॅलेट्टाच्या कितीतरी इमारती उभ्या केल्या, त्याचा मुलगा आणि स्वतःही वास्तुकार. बेटावरचा सुशिक्षित माणूस गुलामापुढे विद्यार्थी म्हणून बसतो, हे आपल्याला कळतं ते केवळ या खटल्यामुळे.

या कागदांमुळे मी हरखून जाते, पण ते कसे जमले हे क्षणभरही विसरत नाही. समोरचा माणूस घाबरलेला आहे, छळाची परवानगी कायद्यातच आहे, गुलामाला तर मालकाचंही भय आहे. इजिप्तला निघालेल्या कॅथरीन इव्हान्स आणि सारा चिव्हर्स या क्वेकर नावाच्या प्रोटेस्टंट पंथातल्या दोन इंग्रज स्त्रियांना केवळ श्रद्धेपायी तीन वर्षांहून जास्त काळ इथे डांबलं होतं. १६६२ साली त्या सुटल्या. जबानीतलं प्रत्येक वाक्य मी या दडपणासकट वाचते. तरीही ते वाचायलाच हवं, कारण त्या बायकांचं आणि गुलामांचं बोलणं दुसऱ्या कोणी लिहून ठेवलं नाही.

मग माल्टावरून गोवा कळतो का, असं पुढे विचाराल. नाही कळत. माल्टाचं न्यायासन रोमच्या हाताखालचं, गोव्याचं पोर्तुगीज राजसत्तेशी बांधलेलं. माल्टातले लोक पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती. गोव्यात नवख्रिस्ती, म्हणजे धर्मांतर केलेल्या, कुटुंबांवर नजर होती आणि हिंदूंनाही त्याची झळ बसली. गोव्यात माणसं जाळली गेली. माल्टात बहुतेकांची सुटका उपास, जपमाळ, फटके, हद्दपारी किंवा वल्ह्यांच्या शिक्षेवर झाली. एकाच्या दप्तरातून दुसऱ्याची पोकळी भरता येणार नाही, आणि तसं कोणी करू लागलं तर मी विरोध करेन.

पण माल्टाने मला प्रश्न दिले. तक्रार कोणी केली, शेजाऱ्याने की पाद्र्याने? माणूस स्वतः आला की त्याला आणलं? एकाच गावातली किती नावं एकामागोमाग येतात? लिस्बनची सूची हे प्रश्न घेऊन वाचली तर तीही थोडंफार बोलेल असं मला वाटतं. मराठीत किंवा कोंकणीत ती गाववार लावायचं काम कोणी हाती घेतलं असेल तर मला कळवा. मला त्यात यायचं आहे.