घुमणारा बैल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा मी मातीच्या भांड्यांची भट्टी लावून बसले होते. पारा १२०० अंशांच्या पुढे गेला की जागचं हलता येत नाही, म्हणून तिथेच वही उघडली. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे माझ्यासाठी चित्रकलेच्या बाईंबद्दल लिहायचं.

मी सातवीत होते. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, तीन आठवडे आधी बाईंनी पंचगंगेकाठची माती आणवली आणि सगळ्यांना बैल करायला लावले. माझा सगळ्यांत दांडगा. सुकल्यावर ते कुंभार गल्लीत भाजायला गेले. बाकीचे पाटीतून परत आले, माझा मात्र बाईंच्या रुमालात. नुसत्या खापऱ्या! मी रडायलाच लागले. बाईंनी पोटाचा जाड तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ गं, कडेला लाल, मध्ये काळा, इतका जाड केलास. बाहेरून वाळला, पण पोटात ओल तशीच होती. तिची वाफ झाली, बाहेर पडायला वाट मिळाली नाही. आता पोकळ कर. भिंत करंगळीएवढी, आणि एक भोक ठेव."

दुसऱ्या बैलाच्या तोंडालाच मी भोक ठेवलं. तो भाजून आला तेव्हा राख झाडायला बाईंनी भोकावर फुंकर मारली आणि बैल घुमला! रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमतो तसा. वर्ग क्षणभर गप्प, मग एकच गलका. तास संपेपर्यंत बैल बाकावरून बाकावर फिरत होता आणि बाई कुणालाही ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंधू संस्कृतीतल्या खेळण्यांची चित्रं आणली. पक्ष्यांच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या, दोरी ओढली की मान हलवणारा बैल. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पोरांसाठी हा खटाटोप केला होता, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आज माझ्या किटलीचं झाकण म्हणजे बैलाचं डोकं असतं. चहा ओतताना ते डुलतं, पण पडत नाही, कारण आतली कड मी अर्धा इंच खोल घेते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात शिर नसलेली मातीची देवी आणि तिच्या जोडीचा बैल सापडला. बैलाच्या पाठीला भोक, देवीच्या पोटाला भोक, मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसते. ते पाहिल्यापासून मीही बरण्यांवरच्या मातीच्या आकृती सुट्या करते, काडीने बसवते. लोक विकत घ्यायच्या आधी खेळत बसतात, तेव्हा मला आपला तो तास आठवतो.

माझा तो घुमणारा बैल अजून बाईंच्या घरी, खिडकीत आहे. मागायचं धाडस मला झालेलं नाही.

चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत म्हणे, आणि कोपऱ्यातली मातीची टाकी काढून टाकलीय. संगणक हवेतच. पण टाकी व्हरांड्यात तरी परत बांधा. माती मी पाठवते, आणि पुढच्या बेंदराचे सगळे बैल माझ्या भट्टीत भाजून देते.