सिकंदरबाग ते रेसिडेन्सी: बिआतोच्या कॅमेऱ्याची जागा शोधताना

लखनौला निघण्यापूर्वी छायाचित्रकार फेलिचे बिआतोच्या १८५८ मधल्या छायाचित्रांच्या मोठ्या छापील प्रती काढून घ्या. उन्हात मोबाइलवर सावल्यांमधले बारकावे दिसत नाहीत, आणि त्याचा कॅमेरा नेमका कुठे होता हे शोधायचं सगळं काम त्या बारकाव्यांवरच चालतं.

मी सुरुवात सिकंदरबागेपासून केली. अवधचा नवाब वाजिद अली शाहची ही बाग साधारण दीडशे यार्ड लांब-रुंद होती आणि तिला चारही बाजूंनी भिंत होती. आज तिचा दरवाजा, छोटी मशीद आणि भिंतीचे काही तुकडे उरलेत. बाहेरच्या चौकात इथल्या लढाईत लढलेल्या उदादेवींचा पुतळा आहे. १६ नोव्हेंबर १८५७ ला ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने भिंत फोडून आतले उठाववाले सैनिक कापून काढले. इंग्रजी आकडा सुमारे दोन हजारांचा.

बिआतोच्या प्रसिद्ध छायाचित्रात गोळ्यांनी चाळण झालेला मंडप आहे आणि पुढच्या अंगणात हाडं विखुरली आहेत. ते लढाईचं छायाचित्र मात्र नव्हे. बिआतो लखनौला पोहोचला तो मार्च १८५८ मध्ये, म्हणजे चार महिन्यांनी. छायाचित्रासाठी हाडं मुद्दाम उघडी केली गेली, अशी नोंद त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. आधी मृतांची विटंबना, मग त्यांची मांडणी! चित्रातली चार माणसं आणि घोडाही नीट बघा. तेव्हा फिल्मऐवजी कॅमेऱ्यात काच असे; प्रकाश तिच्यावर उमटायला वेळ लागे, हललेलं सगळं पुसट होई; ती माणसं स्पष्ट आली आहेत, कारण ती स्थिर राहिली. छाप सुमारे २६ बाय ३० सेंटिमीटरचा, आणि काचही जवळपास तेवढीच, कारण अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद काचेवर दाबून उन्हात छापत. उजळ भागांवरचा पिवळेपणा त्या थराचाच, काळाने आलेला.

मंडप आता नाही, त्यामुळे इथे जागा जुळवता येत नाही. ते काम रेसिडेन्सीत, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या जुन्या निवासी आवारात करावं. तिथले अवशेष उभे आहेत. चित्रात जवळची एक कड आणि लांबचा एक कोपरा निवडा. दोन्ही चित्रातल्यासारखे एकमेकांआड येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग दोघांच्या उंचीचं प्रमाण जुळेपर्यंत पुढे-मागे. झूमने हे साधत नाही: दृष्टिकोन ठरतो तो उभं राहण्याच्या जागेवरून, भिंगावरून नाही. मोबाइल वर वाकवला तर भिंती आत कलंडतात, म्हणून तो सरळ धरा आणि जादा जमीन नंतर कापा. बहुतेक वेळा घोळ होतो झाडांमुळे. दोन खुणा दिसत नसतील तर खिडकीच्या कमानीसारखी तिसरी शोधा.

रेसिडेन्सीचा बेलीगार्ड दरवाजा पूर्वेच्या बाजूला आहे, त्यावर सकाळचं ऊन येतं. सावल्याही जुळवायच्या असतील तर मार्च-एप्रिलमध्येच जा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यात सकाळ वाया जाते.