आमची वाटचाल : क्वीन्सच्या तळघरातला बुगालू

लॅटिन सोल आणि बुगालू, म्हणजे साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्तीत घडलेलं नाचाचं संगीत, त्याच्या जुन्या तबकड्या विकून घर चालतं का, असं मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. चालतं. दोन भाऊ आणि वहिनी अशी तिघांची ही पेढी २००४ पासून न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये उभी आहे, आणि नंतरची छपाई पहिली म्हणून आम्ही आजवर एकाही गिऱ्हाइकाला विकलेली नाही.

जागा योग्यच मिळाली. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपली किराणा आणि साडीची दुकानं, दोन पावलं पुढे रुझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबियन, इक्वादोरी वस्ती. कोलंबियातल्या काली शहराहून आलेली गिऱ्हाइकं मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची तबकडी, म्हणजे एलपी, पंचेचाळीसच्या वेगावर लावून दाखवा म्हणतात, कारण त्यांच्या गावी बुगालू आणि पाचांगा (क्युबातून आलेला नाच) तशाच वेगात नाचले गेले. आम्ही लावून दाखवतो.

धंद्याची बाराखडी मात्र ब्राँक्सच्या एका पोर्तोरिकन गृहस्थांनी शिकवली. सबवेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते आम्हाला ‘मिहो’, म्हणजे बाळा. ते पहिल्या महिन्यापासूनचं गिऱ्हाईक. ऐन विशीत त्यांनी टीको, आलेग्रे, फानिया, कोटीक या लेबलांचा माल नवा कोरा असताना घेतला होता. त्यांचा नियम एकच : आधी डेड वॅक्स (खाचा संपल्यावर लेबलभोवती उरणारा गुळगुळीत पट्टा), मग लेबल, कव्हर शेवटी. कव्हर बदलता येतं, डेड वॅक्समधला मॅट्रिक्स, म्हणजे छपाईच्या साच्यावरून उमटलेला क्रमांक, बदलता येत नाही.

गायक ज्यो बटानची ‘जिप्सी वुमन’ ही एलपी घ्या. फानिया, १९६७, कॅटलॉग क्रमांक एसएलपी ३४०. हाच क्रमांक सत्तरच्या दशकातल्या छपायांवरही आहे, म्हणून नुसत्या क्रमांकावर पैसे मोजू नयेत. लेबलवर वर्तुळातला इंग्रजी पी (℗) दिसला, तर ती छपाई साठच्या दशकातली नाही. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट १९७२ च्या फेब्रुवारीपासून मिळाला आणि ती खूण त्यानंतर लेबलांवर रूढ झाली. कव्हरवर बारकोड असेल तर माल आणखी अलीकडचा. मोनो की स्टीरिओ हेही बघावं. मोनो तबकड्या साधारण १९६८ पर्यंतच निघाल्या, आणि नाचाच्या या संगीताला मोनोचा ठोसा शोभतो असं आमचं ठाम मत आहे.

पंचेचाळीसची, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीची, परीक्षा वेगळी. ती व्हिनाइलची (लवचिक प्लास्टिक) आहे की स्टायरिनची (कडक, ठिसूळ प्लास्टिक), हे आधी ठरवा. स्टायरिनला नखाने टिचकी मारली तर काचेसारखा टणटण आवाज येतो, आणि लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. व्हिनाइलमध्ये लेबल दाबतानाच आत बसतं. स्टायरिन चकचकीत दिसते आणि तरी सुई ठेवली की फसफसते, कारण रेडिओ स्टेशनवर जड सुईने मागेपुढे फिरवून तिच्या खाचा जळलेल्या असतात. ती खराबी धुऊन जात नाही. म्हणून पंचेचाळीस डोळ्यांनी पारखून विकू नका, वाजवून विका. आमच्याकडे टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर शुअर एम४४-७ हे कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) लावलेलं आहे, गोल टोकाची सुई, वजन दोन ग्रॅम. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं तेव्हा आम्ही सहा सुया घेऊन ठेवल्या. दोन उरल्यात.

मधली वर्षं नीट गेली. २०१८ मध्ये रॅपर कार्डी बीच्या गाण्यात पीट रोड्रिगेसचं १९६७ चं ‘आय लाइक इट लाइक दॅट’ वाजलं आणि आलेग्रेच्या पहिल्या छपाईची विचारणा एकदम वाढली. त्या जोरावर आम्ही मोठी खरेदी केली. माल वर मावेना, म्हणून पंचेचाळीसचे खोके तळघरात जमिनीवर ठेवले. ही आमची चूक.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचे अवशेष शहरावर आले. सेंट्रल पार्कात एका तासात ८० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या तळघरात गटाराचं पाणी उलटं चढलं, गुडघ्याच्या वर. पंचेचाळीसच्या १,९०० तबकड्या आणि ६०० एलपी बुडाल्या.

पुढची आठवण नव्हे, पद्धत सांगतो, कारण हे कुणावरही येऊ शकतं. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, तेव्हा सगळं वाळवत बसायचं नाही. आधी तबकडी कव्हरातून काढायची. कव्हर तबकडीवर वाळलं की कागद खाचांत रुततो. ज्या कव्हरांना लगेच हात लागणार नाही ती मेणकागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकायची, थंडीत बुरशी थांबते. त्यासाठी जुना पेटी-फ्रीझर विकत घेतला. गटाराचं पाणी लागलेली वस्तू खाण्याच्या फ्रीझरजवळही नेऊ नये. हातमोजे आणि मास्क प्रत्येकाला.

व्हिनाइल सोपं. लेबलवर रबरी कडेची झाकणं दोन्ही बाजूंनी आवळायची, कोमट नळाखाली गाळ सोडवायचा, मग डिस्टिल्ड पाण्यात सर्फॅक्टंटचे (पाणी खाचांत नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) मोजके थेंब घालून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवायचं, शेवटी निव्वळ डिस्टिल्ड पाणी. पाणी तीस अंशांच्या वर नको. ताटाळ्यात उभ्या करून वाळवायच्या. ऊन नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. ताटाळी काका घेऊन आले, स्वतःच्या आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरातली, एकूण नऊ.

स्टायरिनने रडवलं. वरून चिकटवलेली लेबलं पाण्यात सुटून तरंगू लागली. वहिनीने पहिल्याच तासात शिस्त लावली : प्रत्येक तबकडीचा मॅट्रिक्स टॉर्चच्या तिरप्या उजेडात वाचायचा, चिकटपट्टीवर लिहायचा, पट्टी खाचांवर न लावता सोबतच्या पाकिटावर लावायची. त्यामुळे शेकडो लेबलं आपापल्या घरी परतली.

कव्हरं मात्र गेली. त्या काळची अमेरिकन कव्हरं म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला छापील कागद. गोंद विरघळला की चित्र वेगळं आणि पुठ्ठ्याचा लगदा वेगळा. टीपकागद तीन-तीन तासांनी बदलत आम्ही दीडशेच्या आसपास वाचवली. उरलेल्या एलपी साध्या पांढऱ्या पाकिटात विकल्या, पडेल त्या भावात. कर्ज चौदा महिने डोक्यावर होतं.

आणि ऐन तेव्हा आमच्याच धंद्यातल्या एका जुन्या विक्रेत्याने रेकॉर्डच्या जत्रांमध्ये सांगायला सुरुवात केली की आमचा सगळा माल गटारातला आहे. सगळा? वरच्या मजल्यावरच्या तीन हजार एलपींना थेंब लागला नव्हता. बुडालेल्या प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर आम्ही आपणहून निळा ठिपका लावत होतो, यादीत ‘पाण्यातून निघालेली’ असं लिहीत होतो. तोच ठिपका दाखवून त्याने आम्हाला बदनाम केलं. तीन महिन्यांत ४१ पार्सलं परत आली, त्यांतल्या ३३ वर ठिपका नव्हता. हा हिशेब आम्ही विसरलेलो नाही.

त्याच हिवाळ्यात एक गिऱ्हाईक त्याच्याकडून ‘पहिली छपाई’ म्हणून घेतलेली लॅटिन सोलची पंचेचाळीस तपासायला आमच्याकडे घेऊन आलं. दहापट भिंगाखाली लेबलची अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली. मूळ लेबलवर सपाट शाईची अक्षरं असतात, कडा स्वच्छ. स्कॅन करून छापलं की ठिपके येतात. त्या गाण्याची आमच्या हातून गेलेली प्रत्येक मूळ प्रत स्टायरिनची, ही जाड व्हिनाइलची. मूळ प्रतीच्या डेड वॅक्समध्ये यंत्राचा शिक्का, इथे हाताने कोरलेले आकडे. नक्कल. आम्ही त्या गिऱ्हाइकाला तीनही खुणा लिहून दिल्या आणि जत्रेत याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपण बोललो असतो तर बरं झालं असतं, असं वहिनी अजून म्हणते.

पुरानंतरची पहिली ठिपकेवाली तबकडी काकांनी घेतली. ठिपका काढून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. तिचं लेबल अर्धं फाटलंय, आवाज व्हीजी प्लस, म्हणजे खूप चांगल्याच्याही वरच्या दर्जाचा आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या आपल्या मुलांना काही गोष्टी सांगतो. एकच लेबल निवडा आणि त्याच्या सगळ्या छपाया पाठ करा, मग दुसऱ्याकडे वळा. पीव्हीसीची बाहेरची पाकिटं फेकून द्या, वर्षानुवर्षांत ती तबकडीवर धुरकट डाग सोडतात, पॉलिप्रॉपिलिनची घ्या. पार्सलात एलपी कव्हराच्या आत ठेवून पाठवू नका, बाहेर काढून मागे ठेवा, नाहीतर आपटल्यावर कव्हराची शिवण फाटते. आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दोन फूट वर.

आता प्रत्येक तबकडीसोबत आम्ही दोन्ही बाजूंच्या मॅट्रिक्सचं कार्ड देतो, पाणी लागलं असेल तर ठिपका आजही लावतो. लेबल सुटून हरवलेल्या ६३ स्टायरिन तबकड्या मात्र अजून बिननावाच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच वाजवून ओळखता आल्या, पण छपाई कुठली ते ठरत नाही. तुमच्याकडे कोटीक किंवा स्पीड लेबलच्या मूळ पंचेचाळीस असतील, तर डेड वॅक्समधले आकडे, शिक्के आणि टिंबंसुद्धा जशीच्या तशी उतरवून आम्हाला कळवा.