करमतंय का, तात्या?

गुरुवारी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची ओपीडी असते. साठ-सत्तर पेशंट, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. तात्या ७१ वर्षांचे, दर महिन्याला मुलाच्या गाडीवर मागे बसून येतात. त्या दिवशी त्यांचा केसपेपर चाळताना माझंच अक्षर समोर आलं. गुडघेदुखी, अशक्तपणा, झोप नाही. पाच महिने तेच, आणि खाली तेच कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, पॅरासिटामॉल. वजन मात्र चार किलोंनी उतरलं होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आशाताईंनी घरी जाऊन भरलेला त्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या प्राथमिक चाचपणीचा फॉर्म, मागवला. त्यात मनाबद्दल दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेना असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं. दोन्हींपुढे शून्य. ताई म्हणाल्या, "ओसरीवर सगळी बसली होती, मॅडम. उत्तरं सूनबाईंनीच दिली."

मुलाला औषधाच्या रांगेत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. 'उदास' हा शब्द आमच्याकडची म्हातारी माणसं वापरत नाहीत. तसं विचारलं की "न्हाई" म्हणून मोकळी होतात. दोन आठवड्यांचा हिशोबही त्यांचा नव्हे. म्हणून विचारलं, "पुनवेपासनं करमतंय का, तात्या?"

बराच वेळ ते खाली बघत राहिले.

"बैलं इकल्यापास्नं न्हाई. चारला जाग येती. वैरण टाकाय उठतो, तर गोठा मोकळा. तितंच बसतो उजाडस्तवर."

मग वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्याची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली. उत्तर फक्त हो किंवा नाही, त्यामुळे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ती जमते. झोप-भुकेचं त्यात विचारत नाहीत, कारण या वयात ती इतर दुखण्यांनीही जाते. गुण पाचच्या वर गेले की नीट तपासायचं. तात्यांचे अकरा आले.

मरणाबद्दलचा थेट प्रश्न मात्र त्यात नाही, तो वेगळा विचारावा लागतो. नोकरीच्या सुरुवातीला मी तो टाळायचे. वाटायचं, विचारून आपणच डोक्यात घालू. तसं होत नाही. तात्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होते. "येतो इचार," म्हणाले.

त्यांना विचारूनच मुलाला आत घेतलं. "म्हातारपणी असं व्हायचंच ना, मॅडम?" नाही, हा आजार आहे आणि उपचारानं बरा होतो, हे त्याला दोनदा सांगितलं. फवारणीची औषधं कुलपात ठेवायची, तात्यांना एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून त्याच दुपारी तिकडे पाठवलं. तिथे हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम बघून नैराश्यावरची कमी डोसची गोळी सुरू झाली. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं, म्हणून पुढच्या भेटीत रक्त परत तपासलं.

सहा आठवड्यांनी अकराचे सात झाले. जाग अजून चारलाच येते.

साठीपुढचे शून्य-शून्यवाले सगळे फॉर्म आम्ही बाजूला काढलेत. आशाताई आता दुपारच्या जातात, घरचे रानात असताना.